आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

काही म्हणी वापरून वापरून इतक्या गुळगुळीत होतात की, त्यांतील मूळ वेदना आपल्याला टोचेनाशी होते. 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' ही अशीच एक म्हण. दुखणे एकीकडे आणि उपाय भलतीकडे, एवढ्याच अर्थाने आपण ती योजतो; सरकारी कारभारावर लिहिताना तर आम्हा पत्रकारांची ती हक्काची. धाराशिव जिल्ह्यात मात्र ही म्हण शब्दशः खरी आहे. अग्निशामक बंब असलाच तर तो धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, भूम, परंडा अशा नगरपालिकेच्या गावी. आणि घर पेटते ते तेथून २०-३० किलोमीटरवरच्या एखाद्या वाडीत, तांड्यावर किंवा शेतातल्या वस्तीवर. दूरध्वनी लागला, चालक जागेवर सापडला, बंबात पाणी भरलेले असले आणि रस्त्याने साथ दिली, तरी बंब पोहोचेपर्यंत पाऊण तास जातो. पत्र्याच्या दोन खोल्या आणि त्यांना लागून कडब्याची गंजी, एवढा संसार खाक व्हायला पाव तास पुरतो. बंब येतो तेव्हा गावकरी राखेत सळई घालून धान्याची कणगी शोधत असतात.

त्यात निसर्गाचीही भर. आपला जिल्हा अवर्षणप्रवण. आगीचे दिवस म्हणजे फाल्गुन ते वैशाख. वारा सुटलेला असतो, कडबा वाळून कोळ झालेला असतो, पत्रे तापलेले असतात. नेमक्या याच महिन्यांत विहिरींचा तळ दिसू लागतो आणि गावोगाव टँकरची वाट पाहिली जाते. ज्या घरात पिण्याच्या घागरी मोजून भरल्या जातात, त्या घराने आग विझवायला पाणी आणायचे कोठून? शहरातील नागरिक आग लागल्यावर काय करावे याचा विचार करू शकतो. आपल्याला ती चैन परवडणारी नाही. आपल्याकडे जो काही विचार करावयाचा तो आग लागण्यापूर्वीच करावा लागतो.

दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा सप्ताह देशभर अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळला जातो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज पेटले आणि त्याच्या पोटातील दारूगोळ्याचा प्रचंड स्फोट झाला. आग विझविण्यासाठी धावलेले ६६ अग्निशामक जवान त्यात कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह. मोठ्या शहरांत त्या दिवसांत संचलने होतात, प्रात्यक्षिके होतात. आपल्या खेड्यांत मात्र तो कधी आला आणि कधी गेला, हे कळतही नाही. आणि ते दिवस तर आपल्याकडील आगीच्या ऐन हंगामाचे.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. गेली तीस वर्षे मी या जिल्ह्यातून बातम्या लिहीत आलो आहे. घर जळाल्याच्या बातम्या किती लिहिल्या, त्याची गणती नाही. बहुतेक बातम्यांत एक वाक्य ठरलेले असे: 'शॉर्टसर्किटमुळे ही आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे.' पंचनाम्यात तलाठी तेच लिहीत, ठाण्यातील नोंदीत तेच असे आणि आम्हीही तेच छापत असू. प्राथमिक अंदाजानंतर अंतिम निष्कर्ष काय निघाला, हे विचारायला मी एकदाही परत गेलो नाही. 'शॉर्टसर्किट' हा शब्द लिहिला की, विषय मिटतो. कोणाचा दोष नाही, कोणाला काही बदलावयास नको. पूर्वी जे काम 'नशीब' हा शब्द करीत असे, तेच आता हा इंग्रजी शब्द करतो.

वस्तुतः शॉर्टसर्किट हे पुष्कळदा आगीचे शेवटचे टोक असते. त्याच्या आधी बरेच काही घडून गेलेले असते. पंख्यासाठी आणि दोन दिव्यांसाठी म्हणून वीस वर्षांपूर्वी टाकलेल्या बारीक तारेवर आज आपण फ्रीज, कूलर, पाण्याची मोटर, मिक्सर आणि पाणी तापवण्याची कांडी चालवतो. तार तापते, तापून तापून तिच्यावरचे आवरण कडक होते, तडकते, मग एके दिवशी दोन तारा एकमेकींना भिडतात आणि ठिणगी पडते. फ्यूज हा खरे तर घराचा राखणदार. जास्त भार आला की, स्वतः वितळून त्याने घर वाचवावे, एवढ्यासाठी त्याची तार बारीक ठेवलेली असते. पण आपल्याकडे फ्यूज वारंवार जातो म्हणून त्या जागी जाड तांब्याच्या तारेचे दोन-तीन पदर पिळून बसविणारे स्वयंघोषित तज्ज्ञ प्रत्येक गल्लीत आहेत. 'आता बघा, कधी जाणार नाही,' असे ते अभिमानाने सांगतात. खरेच जात नाही. घर जाते.

आता पुष्कळ घरांत फ्यूजच्या जागी एमसीबी आले आहेत, ही चांगली गोष्ट. भार वाढला किंवा तारा भिडल्या की, ते आपोआप पडतात. वीज जमिनीत किंवा माणसाच्या अंगातून गळू लागली तर क्षणात प्रवाह तोडणारे आरसीसीबी नावाचे आणखी एक उपकरण मिळते. पत्र्याच्या घरात आणि लोखंडी कूलरच्या या मुलखात ते प्रत्येक घरी असावयास हवे. मात्र एका गोष्टीची या उपकरणांना बहुधा दादच लागत नाही. ती म्हणजे सैल जोड. प्लग खोबणीत हलतो आहे, बटण दाबले की चरचर आवाज येतो आहे, खोबणीची कड पिवळी-तपकिरी झाली आहे, जवळ गेले की जळकट वास येतो आहे, अशी चिन्हे दिवसेंदिवस आपल्यासमोर असतात. भार तेवढाच असतो, म्हणून एमसीबी पडत नाही, आणि त्या एका बिंदूवर उष्णता साठत राहते. बायकांनी सांगावे की, 'त्या बटनातून वास येतोय,' आणि पुरुषांनी म्हणावे की, 'बघू रविवारी.' असे किती रविवार आपण घालवले आहेत?

भारनियमनाच्या वर्षांनी आपल्याला एक विचित्र सवय लावली आहे. बारा-बारा तास वीज नसण्याचे ते दिवस पन्नाशीच्या पुढच्या कोणालाही आठवतील. इस्त्री चालू असताना वीज गेली की, इस्त्री तशीच कपड्यांवर ठेवून माणूस उठतो. बटण बंद करण्याचे भान राहत नाही, कारण दिवा तर गेलेलाच असतो. वीज परत येते ती घरात कोणी नसताना किंवा सारे झोपलेले असताना. पाणी तापवण्याच्या कांडीचेही तेच. आज भारनियमन पूर्वीसारखे राहिलेले नाही, तरी वादळवाऱ्यात वीज जाणे-येणे चालूच आहे आणि सवय तर पक्की बसली आहे. वीज गेली की, आधी बटणे बंद करावीत, मग मेणबत्ती शोधावी. क्रम एवढा साधा आहे.

स्वयंपाकघराकडे वळू. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि खेड्यापाड्यांतील माउलींच्या डोळ्यांतील धूर कमी झाला, हे निर्विवाद. पण आपल्या भागातील घरांत डोकावून पाहिले तर गॅस आला म्हणून चूल गेली, असे झालेले दिसत नाही. टाकी पुरवून वापरायची असते. चहा आणि पाहुण्यांचे पदार्थ गॅसवर होतात, तर भाकरी, आंघोळीचे पाणी आणि जनावरांचा खुराक चुलीवर. दोन्ही एकाच खोलीत, कधी कधी हातभर अंतरावर. चुलीत तुराट्या, पऱ्हाट्या धडाडत आहेत आणि शेजारी रबरी नळीची टाकी उभी आहे, हे दृश्य पाहून माझ्या पोटात गोळा येतो. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो वर जात नाही. जमिनीलगत पसरतो, कोपऱ्यात, ओट्याखाली साचतो आणि चुलीतील विस्तव तर जमिनीलगतच असतो. हवेत अवघे २ टक्के गॅस मिसळला तरी मिश्रण पेट घेऊ शकते. मूळ गॅसला वास जवळजवळ नसतोच. आपल्याला कळावे म्हणून मुद्दाम त्यात उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. म्हणजे कंपनीने दिलेली ती हाकच असते. त्या हाकेला ओ देण्याची रीत अशी की, दिव्याचे बटण चालूही करायचे नाही आणि बंदही करायचे नाही, काडी ओढायची नाही, रेग्युलेटर बंद करायचा, दारे-खिडक्या सताड उघडायच्या आणि बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवायचे. हा क्रमांक देशभर चोवीस तास चालू असतो. काडी पेटवून गळती शोधणारे महाभाग आजही आहेत. साबणाच्या पाण्याचा फेस जोडावर लावला तर बुडबुडे येतात आणि गळती समजते. दोन पैशांचा खर्च नाही.

रबरी नळीबद्दल तर काय बोलावे! सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलावी, असे कंपन्या सांगतात. आपल्या घरातील नळी कधी घेतली, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? मुलीच्या लग्नात दहा लाख खर्च करणारा गृहस्थ दोनशे रुपयांच्या नळीला चिकटपट्टी गुंडाळून वापरतो, हे मी पाहिले आहे. पाव्हण्यांना दिसणाऱ्या वस्तूंवर आपण खर्च करतो आणि ओट्याखालच्या वस्तूंवर करीत नाही, याला दारिद्र्य म्हणता येणार नाही.

'आगीतून फुफाट्यात' असे आपण म्हणतो. फुफाटा म्हणजे वरून निवलेली दिसणारी, पण आत धग धरून असलेली राख. ज्या पूर्वजांनी ही म्हण घडविली, त्यांना राखेचा स्वभाव ठाऊक होता. रात्री विस्तव राखेत पुरून ठेवायचा आणि पहाटे फुंकर घालून पुन्हा फुलवायचा, हे घरोघर चाले. म्हणजे रात्रभर राखेत विस्तव जिवंत राहतो, हे ज्ञान आपल्या आज्या-पणज्यांना होते. आज सकाळी चूल सारवताना तीच राख घमेल्यात भरून उकिरड्यावर टाकली जाते, उकिरडा गोठ्याच्या मागे असतो आणि गोठ्याला टेकून कडब्याची गंजी असते. दुपारी वावटळ उठते. मग गंजी पेटली की, 'कोणी तरी वैरभावाने लावली' असा संशय घेतला जातो आणि भावकीत दोन पिढ्या पुरेल एवढे वैर पेटते. कधी तसे घडतही असेल. पण संशय घेण्यापूर्वी राखेचे घमेले कोठे रिकामे केले होते, हे एकदा घरात विचारावे. राखेवर तांब्याभर पाणी ओतून मग ती बाहेर काढली तर पुष्कळ अनर्थ टळतील. तांब्याभर पाणी दुष्काळातही असते.

गोठ्याच्या आगीत सर्वांत करुण असते ती जनावरांची दशा. माणूस पळतो. दावणीला बांधलेली गाय पळू शकत नाही. दाव्याची गाठ एका ओढीने सुटेल अशी बांधावी, हे जुन्या जाणत्या गड्यांना माहीत असे. आता नायलॉनच्या दोऱ्या आल्या; त्या तापल्या की वितळून गाठ आणखी घट्ट बसते. गोमातेबद्दल भाषणे करणाऱ्या आपण मंडळींनी दाव्याच्या गाठीचाही कधी विचार करावा.

माझ्या थोरल्या आत्याचा उजवा हात कोपरात वाकलेला होता. लहानपणी आम्हाला वाटे, तो तसाच असतो. पुढे कळले, १९७०च्या सुमारास दिवाळीत फराळाचे करताना तिच्या नायलॉनच्या साडीचा पदर स्टोव्हवर गेला. तेव्हा नायलॉनच्या साड्या नव्याने आल्या होत्या आणि घरातील पहिली नायलॉनची साडी नेसल्याचा तिला आनंद होता. सुती लुगडे जळते, पण ओढून फेडता येते. नायलॉन वितळून अंगाला चिकटते. घरच्यांनी मायेपोटी काय काय लावले! शाई लावली, बटाटा किसून लावला, कोणी गावठी मलम आणले. पाणी मात्र कोणी लावू दिले नाही, कारण 'पाण्याने फोड येतात' ही समजूत. आजचे वैद्यकशास्त्र नेमके उलट सांगते: भाजल्याबरोबर त्या भागावर साधे वाहते पाणी वीस मिनिटे सोडावे, बर्फ लावू नये, दंतमंजन-हळद-तूप काही लावू नये, अंगठी-बांगड्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात, स्वच्छ कापडाने झाकून रुग्णालय गाठावे. चिकटलेले कापड ओढून काढू नये. गंभीर भाजलेल्या माणसाला आपल्याकडून अनेकदा सोलापूरला किंवा लातूरला न्यावे लागते. साठ-सत्तर किलोमीटरच्या त्या प्रवासाआधीची ही वीस मिनिटे फार मोलाची असतात. आत्याने त्या वाकड्या हाताने पुढे चाळीस वर्षे भाकऱ्या थापल्या. तिने कधी कोणाला दोष दिला नाही. म्हणायची, 'माझाच पदर होता.'

याच संदर्भात आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. माझ्या पिढीच्या पत्रकारांनी 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' या मथळ्याच्या किती तरी बातम्या वाचल्या आणि लिहिल्या. स्टोव्ह नेमका सुनेच्याच हातात का भडकतो, सासूच्या का नाही, हा प्रश्न समाजाने उशिरा विचारला. १९८३ आणि १९८६ साली कायद्यात कलमे घातली गेली, ती त्यामुळेच. अपघात या शब्दाचा आडोसा घेऊन अपराध लपतो आणि निष्काळजीपणाही लपतो. म्हणून घरात आग कशी लागली, हे खोदून विचारणे कोणालाही वाईट वाटू नये इतके आपल्या समाजात स्वाभाविक झाले पाहिजे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ या एका वर्षात देशात आगीच्या दुर्घटनांत ७,४३५ जणांचा मृत्यू झाला. त्यांतील निम्म्याहून अधिक घटना राहत्या घरांतील होत्या. आपण आग म्हटले की, गिरणी, गोदाम, चित्रपटगृह डोळ्यांपुढे आणतो. ती आपल्या घरात असते.

घर आणि व्यवसाय एकाच इमारतीत असले की, हा धोका कैक पटींनी वाढतो. ३ एप्रिल २०२४ रोजी पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात खाली शिवणकामाचे दुकान पेटले आणि वर झोपलेल्या एकाच कुटुंबातील ७ जण गेले. चार्जिंगला लावलेल्या विजेवरील दुचाकीचा संशय तेव्हा व्यक्त झाला. १८ मे २०२५ रोजी आपल्या शेजारच्या सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलचा कारखाना पेटला. मालकाचे कुटुंब तेथेच राहत होते. कामगारांसह ८ जणांचा बळी गेला, त्यांत एक लहानगे मूलही होते. संभाजीनगरातील ते कुटुंब जळून गेले नाही, गुदमरून गेले, हे लक्षात घ्यावे. ज्वाळा खालीच असतात, धूर आधी जिन्यातून वर येतो, आणि झोपलेल्या माणसाला धुराचा वास जागे करीलच, असे नाही. धुरात चालत जाऊ नये, रांगावे. जमिनीलगत हवा थोडी तरी शुद्ध असते. आपल्या बाजारपेठेतील जुन्या इमारती डोळ्यांपुढे आणा. खाली कापडाचे किंवा किराणा दुकान, मधे लाकडी जिना, वर तीन पिढ्यांचे कुटुंब. चोरांच्या भीतीने खिडक्यांना जाड गज आणि जिन्याच्या दाराला रात्री कुलूप; किल्ली आजोबांच्या उशाखाली. चोर आत येऊ नये याची आपण जितकी काळजी घेतो, तितकी आपण बाहेर पडू शकू याची घेत नाही. खिडकीच्या गजांचा एक भाग तरी आतून उघडता यावा. आणि जिन्याखाली दुचाकी चार्जिंगला लावून झोपण्याची पद्धत आजपासून बंद व्हावी.

कायदा नाही, असे नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६चा आहे. उंच इमारती, रुग्णालये, मंगल कार्यालये यांच्याविषयी तो सविस्तर बोलतो. पण ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० नवजात बालके गेली, सर्वत्र तपासणीचे आदेश निघाले, आणि त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटून ११ रुग्ण गेले. जेथे कायदा लागू होता, तेथली ही कथा. आपल्या बैठ्या घराच्या उंबऱ्याशी तर तो कायदा थांबतोच. तेथे निरीक्षक येणार नाही, प्रमाणपत्र मागणार नाही.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेने आपल्याला घराविषयी विचार करायला शिकवले. लोहारा-उमरगा भागात सास्तूरसारखी गावे कोसळली. माळवदाच्या जड मातीने माणसे गाडली आणि त्यानंतर या भागाने घर बांधण्याची रीतच बदलली. भिंतीत पट्टा घातला आहे का, हे आज अशिक्षित शेतकरीही गवंड्याला विचारतो. त्या बदलात अनेकांनी पत्र्याचा आश्रय घेतला. पत्रा अंगावर पडला तरी जीव वाचतो, हे खरे. परंतु माळवदाच्या मातीवर पडलेली ठिणगी विझून जात असे. पत्र्याच्या घराला उन्हाळ्यात गारवा म्हणून आपण वर कडबा, पाचट, ताडपत्री अंथरतो, आत प्लॅस्टिकचे छत ताणतो आणि त्याच छतातून विजेच्या तारा ओढतो. एका संकटातून शिकलेला धडा दुसऱ्या संकटाला आमंत्रण देऊ लागला आहे. भूकंप शतकात एखादा. आगीला प्रत्येक उन्हाळा सारखाच.

आणि ज्यांना पत्राही नाही, त्यांचे काय? कळंब, वाशी, भूम भागांतील हजारो जोडपी दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. फडाजवळ त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. बांबू, चटई, वाळलेले पाचट, वरून ताडपत्री. पहाटे चारला नवरा-बायको कोयता घेऊन फडात जातात. मागे राहते दहा वर्षांची मुलगी, तिच्या कडेवर धाकटा आणि तिच्या जिम्मेस चूल. एक कोपी पेटली की, शेजारच्या दहा पेटतात, कारण त्या खेटून उभारलेल्या असतात. वर्षाची उचल, आधार कार्ड, बाजरीचे पोते, सारे जाते. ही कुटुंबे आपल्याच गावची आहेत. कारखान्यांनी कोप्यांमध्ये अंतर राखायला मैदान द्यावे, चुलींसाठी बाहेर एक सामायिक पत्र्याची जागा करून द्यावी, पाण्याचे दोन पिंप उभे ठेवावेत. यात कोट्यवधींचा प्रश्न कोठे येतो? आमच्या जिल्ह्यातील ज्या लोकप्रतिनिधींचे स्वतःचे कारखाने आहेत, त्यांना हे लिहून विचारावे, असे मला वाटते. मुकादमांकडूनही हे काम करून घेता येईल.

आता थोडे देवघराविषयी. हा विषय नाजूक आहे, तरी तो टाळून चालणार नाही. आणि तो आपणच बोलायला हवा. ऋग्वेदाचे पहिलेच सूक्त अग्नीला उद्देशून आहे आणि अग्नीला गृहपती असे ऋग्वेदात म्हटले जाते. घरच्या धन्याला जो मान द्यायचा, त्यात त्याच्याकडे लक्ष ठेवणेही आले. आपला जिल्हा तर तुळजाभवानीचा. शारदीय नवरात्रात गावोगावचे तरुण तुळजापुरातून ज्योत पेटवून अनवाणी धावत गावी नेतात, आराधी मंडळी पोत खेळवतात आणि घरोघर घट बसून नऊ दिवस अखंड नंदादीप तेवतो. ज्योत नेणाऱ्या टोळीत एक जण तेलाचा डबा सांभाळणारा असतो आणि तो ज्योतीपासून अंतर राखून चालतो, कारण अनुभवाने ते शिकवले आहे. घरातल्या नंदादीपाबद्दल मात्र आपण निर्धास्त असतो. घटावर रोज एक माळ चढते. पहिल्या दिवसाची झेंडूची माळ आठव्या दिवशी वाळून चुरा होण्याच्या बेतात असते आणि ती नेमकी दिव्याच्या वर लोंबत असते. मागे पडदा, अलीकडे तर थर्मोकोलची मखर. रात्री तेलाच्या वासाने उंदीर येतो आणि जळती वात तोंडात धरून पळतो. ही गोष्ट ऐकून हसू येईल, पण अनेक घरांतील आगीचा उगम तेथे आहे. समई किंवा दिवा पसरट पितळी परातीत, वाळूत किंवा पाण्यात ठेवावा, वर काचेची चिमणी घालावी, माळा दिव्याच्या बाजूला बांधाव्यात. दिवा अखंड असावा, असे शास्त्र सांगते. तो पडद्याखाली असावा, असे कोणतेच शास्त्र सांगत नाही. आपल्याकडे दिवा विझला असे म्हणत नाहीत, शांत झाला म्हणतात. या शब्दयोजनेत जे भान आहे, ते मखर बांधतानाही असू द्यावे.

दिवाळीत सोयाबीनच्या गंजी खळ्यावर उभ्या असतात, हेही पोरांच्या हातात बाण देताना ध्यानात ठेवावे. एका बाणाने एका हंगामाचे पीक जाऊ शकते.

मराठवाड्यात नवरात्रापूर्वी 'दसरा काढण्या'ची रीत आहे. घरातले सामानसुमान अंगणात निघते, गोधड्या ओढ्यावर धुतल्या जातात, भिंती झाडल्या जातात, फळ्यांवरची भांडी खाली येतात. वर्षातून एकदाच घराचा कानाकोपरा उजेडात येतो. माझी सूचना एवढीच की, याच वेळी घरातील कर्त्या पुरुषाने केवळ गोधड्या वाहून न नेता हातात विजेरी घेऊन कपाटामागच्या, फ्रीजमागच्या खोबण्या पाहाव्यात, गॅसची नळी वाकवून तडे तपासावेत, तिच्यावरचे साल वाचावे, फ्यूजमध्ये कोणती तार आहे ते उघडून पाहावे, जिन्यातली अडगळ काढावी. जाणकार वायरमन गावात एकच असेल तर आळीतल्या दहा घरांनी मिळून त्याला एक दिवस बोलवावे. आपल्या कार्यकर्त्यांना घरोघर जाण्याची सवय आहे आणि त्यांना दारातून परत पाठवले जात नाही. त्यांनी एक वर्ष पत्रकाबरोबर साबणाच्या पाण्याची बाटलीही न्यावी.

गेल्या वर्षी आमच्या घरी दसरा काढताना सुनेने फ्रीज पुढे ओढला. मागची खोबण अर्धी वितळून काळी झाली होती आणि भिंतीवर वीतभर काजळी चढली होती. ती किती महिने तशी होती, कोणास ठाऊक. शेजारच्याच खुंटीला माझी जुन्या वृत्तपत्रांची कात्रणांची पिशवी टांगलेली होती. तीस वर्षांतील माझ्याच बातम्यांची. सुनेने ती पिशवी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, 'मामंजी, आधी वायरमनला फोन करा, मग मी फ्रीज मागे सारते.' वायरमन तिसऱ्या दिवशी आला. तोवर फ्रीज बंद होता आणि दूध आम्ही आजीच्या काळासारखे पाण्याच्या परातीत ठेवले.